पुरी होईल ती पदवी परवडते



बारावीचा निकाल लागला की दोन दिवस गावात पेढे फिरतात. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा खोका रिकामा होतो आणि घराघरांत कुजबूज सुरू होते. पोरगी पास झाली, आता पुढं काय? कॉलेजला घालायचं तर कुठं? पैसा किती लागेल? आणि एवढं करून हाती काय येईल? चुलीपुढं, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर आपण बाया हेच बोलत असतो. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत. पण आधी आमची स्वतःची एक चूक सांगतो.

आमचा गट सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातला. तीन वर्षांपूर्वी गटातल्या एका ताईनं मुलीच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी ६०,००० रुपयांचं कर्ज मागितलं. तालुक्याच्या गावी एक नवी संस्था निघाली होती. रंगीत पत्रक होतं, पांढऱ्या कपड्यातल्या मुलींचे फोटो होते आणि खाली ठळक अक्षरांत 'नोकरीची शंभर टक्के हमी' असं छापलेलं होतं. मुलगी हुशार, आई कष्टाळू, तिचा हप्ता कधी चुकलेला नाही. आम्ही पाच मिनिटांत ठराव लिहिला आणि सह्या केल्या. त्या संस्थेला मान्यता कुणाची आहे, हे आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही.

दोन वर्षांनी मुलीच्या हातात प्रमाणपत्र आलं. ते घेऊन ती नोकरीच्या अर्जाला गेली, तेव्हा कळलं की परिचर्या परिषदेकडं तिची नोंदणीच होऊ शकत नाही. आणि नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही. दोन वर्षं गेली, पैसे गेले, हप्ते मात्र राहिले. ताई आम्हांला एक शब्दही बोलली नाही. तेच आम्हांला जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की शिकणाऱ्या लेकरासाठी कर्ज द्यायचं ते नीट माहिती घेऊनच. तेव्हापासून आम्ही कॉलेजात, बँकेत, सेतू केंद्रात जाऊन विचारत राहिलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

कॉलेज कशासाठी?

पहिली गोष्ट खरी खरी बोलू. पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. बीए झालेली मुलं गावात रिकामी बसलेली आपण पाहतो आणि म्हणतो, शिकून काय उजेड पडला? हा प्रश्न चुकीचा नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. अंगणवाडी सेविका व्हायला आता बारावी पास लागतं. पोलीस भरतीला बारावी लागते. तलाठ्याची भरती असो, बँकेतली कारकुनाची जागा असो की राज्यसेवेची परीक्षा असो, तिथं पदवी लागते. पदवी नोकरी देत नाही, पण पदवी नसेल तर अर्जसुद्धा घेत नाहीत. आमच्या गटातल्या दोघीजणी गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा हिशेबाला पक्क्या आहेत. त्यांची शाळा दहावीआधीच सुटली. आज त्यांच्या हुशारीला दाखवायला कागद नाही.

आणि नोकरीपलीकडंही काही असतं. मुलगी तीन वर्षं कॉलेजात जाते, तेव्हा ती एकटी एसटीनं जायला शिकते, साहेबापुढं उभी राहून बोलायला शिकते, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. लग्नाचा विषयही तेवढा पुढं जातो. याची किंमत पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, पण आपल्याला ती कळते, कारण आपण त्याच्याशिवाय दिवस काढलेत.

गरिबाचं शिक्षण आजचं नाही

पैसे नाहीत म्हणून शिक्षण नाही, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी खोटी पाडली गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथं मुलांनी काम करायचं आणि शिकायचं, अशी पद्धत होती. तिलाच 'कमवा आणि शिका' म्हणतात. आजही बऱ्याच कॉलेजांत ही योजना चालते. मुलगा किंवा मुलगी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम करते आणि तिला त्याचा मोबदला मिळतो. प्रवेश घेताना कॉलेजात आवर्जून विचारा. लाजू नका, ही मागणी भिकेची नाही, कामाची आहे.

फी म्हणजे सगळा खर्च नव्हे

आपण कॉलेजात गेलो की एकच विचारतो, फी किती? पण फी हा खर्चाचा एक तुकडा असतो. गटाच्या वहीत जशी जमा-खर्चाची पानं असतात, तसं एक पान कॉलेजसाठी काढा. त्यात पाच रकाने करा: फी, राहणं, जेवण, प्रवास, आणि पुस्तकं-मोबाइल वगैरे वरचा खर्च.

एक उदाहरण करून पाहू. आकडे समजायला धरलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. समजा एक मुलगी शहरात राहून बीकॉम करते. वर्षाची फी ६,००० रुपये. खोलीचं भाडं महिना २,५००, दहा महिन्यांचे २५,०००. मेसचे महिना ३,०००, म्हणजे ३०,०००. पुस्तकं ५,०००, येणं-जाणं आणि मोबाइल ४,०००. वर्षाचे झाले ७०,००० आणि तीन वर्षांचे २,१०,०००.

आता तीच मुलगी तेच बीकॉम तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात घरून जाऊन करते. फी ६,०००. एसटीचा पास महिना ७०० धरला, तर ७,०००. पुस्तकं ३,०००, वरचा खर्च २,०००. वर्षाचे १८,००० आणि तीन वर्षांचे ५४,०००. दोन्हीकडं विद्यापीठ एकच असेल, तर शेवटी पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं येतं. फरक १,५६,००० रुपयांचा.

मग स्वस्त ते चांगलं, असं म्हणायचं का? थांबा. घरून जाणाऱ्या मुलीच्या खर्चात एक रकाना आपण लिहीतच नाही. तो म्हणजे तिचा वेळ. पहाटे उठून भाकरी, धुणी, जनावरं, मग पहिली गाडी. संध्याकाळी आली की पुन्हा चूल. सुगीत पंधरा दिवस कॉलेज बंद. पाहुणे आले की कॉलेज बंद. धाकट्याला ताप आला की कॉलेज बंद. हजेरी कमी पडते, एक विषय राहतो, मग दुसरा राहतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या आत घरात बोलणं सुरू होतं की हिला काही जमत नाही, स्थळं बघा.

अर्धवट सुटलेलं कॉलेज सगळ्यांत महाग असतं. पैसेही गेले आणि कागदही नाही. म्हणून आम्ही म्हणतो, सगळ्यांत कमी फीचा मार्ग परवडतोच असं नाही. जो मार्ग पुरा होईल, तो परवडतो. मुलगी घरून जाणार असेल तर तिच्या अभ्यासाचे दोन तास आधी बाजूला काढा आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगा, तिच्या भावालासुद्धा.

परवडतील असे मार्ग

पहिला मार्ग जवळच्या अनुदानित कॉलेजचा. अनुदानित म्हणजे जिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी असते. पण लक्षात ठेवा, एकाच कॉलेजात काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात. बोर्ड एकच, फी वेगळी. म्हणून 'हा कोर्स अनुदानित आहे का?' असंच विचारा. प्रवासासाठी एसटीच्या विद्यार्थी पासावर मोठी सवलत आहे. साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात.

दुसरा मार्ग व्यावसायिक कोर्सचा, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, शेती, नर्सिंग वगैरे. इथली फी ऐकूनच आपण पाऊल मागं घेतो. पण २०२४-२५ या वर्षापासून राज्य सरकारनं मुलींसाठी मोठी सवलत दिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलींची शिकवणीची फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि भटक्या-विमुक्तांसाठी फीच्या वेगळ्या योजना आहेत. यात एक अट कळीची आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्थेशी थेट बोलून प्रवेश घेतला, तर ही माफी मिळत नाही. 'फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच जागा पक्की करा' असं कुणी म्हणालं, तर समजा की तुमची माफी जाणार आहे. आणि राहणं-जेवण या माफीत येत नाही, ते आपल्या पानावर वेगळं लिहा.

राहण्या-जेवणासाठीही सरकारी वसतिगृहं आणि भत्त्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, तर मराठा व इतर शेतकरी-मजूर कुटुंबांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. नाव लिहून ठेवा आणि समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा.

तिसरा मार्ग दहावीनंतरचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाल्यावर काम करता येतं किंवा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता असतो. याला आम्ही पायऱ्यांचा रस्ता म्हणतो. प्रत्येक पायरीवर हातात काहीतरी पक्कं येतं. मध्येच घरावर संकट आलं तरी पोरगी रिकाम्या हातानं परतत नाही.

चौथा मार्ग मुक्त विद्यापीठाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याची अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. लग्न झालेल्या, काम करणाऱ्या, मध्येच शिक्षण सुटलेल्या बायांसाठी हा रस्ता फार मोलाचा आहे. आमच्या गटातल्या एकीनं मुलगी बारावीला असताना स्वतः बीएचा पहिला पेपर दिला. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार्मसी अशी हातानं शिकायची कामं घरबसल्या होत नाहीत. तसं सांगणारा फसवतोय. आणि दुसरी गोष्ट जरा कडू आहे. मुलाला शहरात आणि मुलीला 'घरूनच दे परीक्षा' असं करण्यासाठी मुक्त विद्यापीठाचं नाव घेऊ नका. तो गरजेचा रस्ता आहे, मुलीला घरात ठेवायचं निमित्त नव्हे.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न

आम्ही आमच्या चुकीतून हे शिकलो. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी विचारा.

एक, या कोर्सला मान्यता कुणाची आणि तिचा कागद कुठं आहे? नर्सिंग असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता पाहिजे. पदवी असेल तर कुठलं विद्यापीठ, ते नेमकं सांगता आलं पाहिजे. परिषदेच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. गावातल्या शिकलेल्या मुलाला मोबाइलवर दाखवायला सांगा.

दोन, पूर्ण कोर्सची फी किती? पहिल्या वर्षाची नव्हे, शेवटच्या वर्षापर्यंतची.

तीन, पैशांची पक्की पावती मिळणार का? पावती नाही तर पैसे नाहीत.

चार, मूळ दाखले ठेवून घेणार का? ठेवून घेत असतील तर सावध व्हा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून लगेच परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच कॉलेजांना बजावलं आहे.

कागद आधी, धावपळ नंतर नको

जून-जुलैत सेतू केंद्रापुढं रांग लागते आणि एका दाखल्यापायी प्रवेश हुकतो. अकरावी-बारावी चालू असतानाच तयारी करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागू शकतात, म्हणून राखीव जागेतून व्यावसायिक कोर्सला जायचं असेल तर त्याचा अर्ज सगळ्यांत आधी. मुलीचं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावावर हवं आणि आधारला जोडलेलं हवं, कारण बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटीमार्फत थेट खात्यात येतात. दाखल्यावर, आधारवर आणि गुणपत्रिकेवर नाव एकसारखं आहे का, ते अक्षर न् अक्षर तपासा. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप मिळेल, असं नाही.

कर्ज घ्यावं का?

घ्यायची वेळ येते. पण कोणतं, याचा विचार करा. आमच्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे. ६०,००० रुपयांचं पहिल्या महिन्याचं व्याज १,२०० रुपये आणि हप्ता लगेच पुढच्या महिन्यापासून. ते व्याज गटातच राहतं हे खरं, पण ज्या घरात मुलगी अजून शिकतेय, तिथं तो हप्ता जड जातो. बँकेचं शैक्षणिक कर्ज वेगळं असतं. ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात. व्याज मात्र मधल्या काळातही चढत असतं, ते विसरू नका. कर्ज केवढं घ्यावं? त्या शिक्षणानंतर आपल्या भागात जो पगार खरोखर मिळतो, त्यातून घर चालवून हप्ता निघेल एवढंच. तो पगार पत्रकात वाचू नका. तो कोर्स केलेल्या दोन मुलींना भेटा आणि त्यांना विचारा.

आता आमच्या गटात एक नवा नियम आहे. शिक्षणासाठी कर्ज मागितलं की बैठकीत आधी पाच रकान्यांचं पान वाचायचं, मग चार प्रश्नांची उत्तरं, मग सह्या. फीसाठी बँक आणि शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत एसटीचा पास, पुस्तकं, अर्जाचा खर्च यांसाठी गटाचं छोटं कर्ज. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. मुलींचं शिक्षण बऱ्याचदा त्याच चार-सहा महिन्यांत अडतं. तिथं गट उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट आम्ही वहीच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे. घरात मुलगा आणि मुलगी दोघं शिकणारे असतील, तर दोघांचं पान शेजारी शेजारी मांडायचं. मुलाच्या पानावर दोन लाख आणि मुलीच्या पानावर दहा हजार असतील, तर बैठकीत त्याचं कारण सांगावं लागतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललंच नाही. दुसऱ्या बैठकीपासून आकडे बदलायला लागले.

ज्या मुलीची दोन वर्षं आमच्या सह्यांनी वाया गेली, ती आता एका औषधाच्या दुकानात काम करते आणि मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, दुसऱ्या वर्षाला आहे. त्या कर्जावरचं व्याज गटानं सोडून दिलं, मुद्दलाचे अजून थोडे हप्ते राहिलेत. कर्जाच्या बैठकीला आम्ही तिलाच बोलावतो. चार प्रश्न तीच विचारते. आम्हांला घाई झाली की ती म्हणते, "थांबा मावशी, मान्यतेचा कागद अजून दाखवला नाही."

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत वहीतलं एक पान कोरं ठेवा आणि पाच रकाने आखा. ज्या घरात यंदा मुलगी बारावीला आहे, तिच्या आईला बोलावून ते पान भरा. मुलीलाही शेजारी बसवा. शिकायचं तिला आहे, तर हिशेबही तिच्यासमोर व्हायला हवा.